प्रस्तावना : बंदूक, मूल आणि कुलूप

ही पुस्तिका अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी आहे आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात बंदूक नाही. मग ही खटपट कशाला, असा प्रश्न वाचकाला पहिल्याच पानावर पडणार. मराठी शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला की ऐकू येणारी वाक्यं ठरलेली असतात : ‘आपल्यात कोण बंदुका बाळगतं?’, ‘आमचा एरिया चांगला आहे’, ‘मुलांच्या डोक्यात नाही ते कशाला घालायचं?’ ही वाक्यं मनापासून बोलली जातात, पण त्यांत एक साधी गोष्ट निसटते. आपलं मूल फक्त आपल्या घरात वाढत नाही. ते प्लेडेटला जातं, स्लीपओव्हरला राहतं, मित्राच्या बेसमेंटमध्ये तासन्‌तास व्हिडिओ गेम खेळतं, बेबीसिटरकडे थांबतं. त्या घरांची दारं आपण बाहेरूनच पाहिलेली असतात.

अमेरिकेत दहापैकी चार प्रौढ माणसं सांगतात, की आपण राहतो त्या घरात बंदूक आहे. २०२१ च्या एका राष्ट्रीय पाहणीतून निघालेला अंदाज असा, की सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. शिवाय ‘आपल्यात कोण’ हे वाक्यही आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. करोनाच्या काळात पहिल्यांदाच बंदूक विकत घेणाऱ्यांत आशियाई वंशाची माणसंही होती. आपल्या ओळखीतल्या कुणी घेतली असेल, तर ते गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना सांगणार नाही, एवढंच.

२०२० साली अमेरिकेत १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरली. त्याआधी दशकानुदशकं ती जागा मोटार अपघातांची होती. त्या एका वर्षात या वयाची ४३०० हून अधिक मुलं गोळीने गेली. २०२४ च्या जूनमध्ये देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्यावरचं संकट म्हणून जाहीर केलं. मात्र हे मृत्यू एकाच प्रकारचे नाहीत. निम्म्याहून जास्त खून आहेत, त्याखालोखाल आत्महत्या आहेत आणि ज्याला आपण खेळता खेळता झालेला अपघात म्हणतो त्यांचा वाटा बराच लहान आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. मुलांना काही शिकवून किंवा घरातल्या कपाटाला कुलूप लावून रस्त्यावरचे खून थांबतील, असा दावा ही पुस्तिका करत नाही. घरातल्या बंदुकीमुळे घरातल्या किंवा घरी आलेल्या मुलाचं जे होतं, तेवढाच तिचा विषय आहे. तेवढाही पुरेसा मोठा आहे.

मुलांना बंदुकीबद्दल शिकवण्याचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला कार्यक्रम एका गरुडाचा आहे. एडी ईगल हे त्या कार्टूनमधल्या गरुडाचं नाव. १९८८ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने तो सुरू केला. फ्लोरिडातल्या मॅरियन हॅमर या बाईंची ती कल्पना, पुढे त्या असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. धडा चार पायऱ्यांचा आहे : बंदूक दिसली की थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून पळायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. धड्यात चूक काहीच नाही. बंदुकीच्या बाजूने असोत की विरोधात, कोणताही शहाणा माणूस मुलाला हेच सांगेल. या पुस्तिकेतही या चार पायऱ्या आहेत, मराठीत आहेत आणि पाच वर्षांच्या मुलाला पाठ होतील इतक्या सोप्या आहेत.

अडचण पाठ होण्यात नाही. २००१ साली पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. आठ ते बारा वर्षांचे मुलगे, दोघातिघांचे गट, एकूण ६४ जण. त्यांना एका खोलीत थोडा वेळ खेळायला सोडलं आणि पलीकडून आरशाच्या काचेतून पाहिलं. खोलीतल्या एका खणात पाण्याची दोन पिस्तुलं होती, दुसऱ्या खणात एक खरं पिस्तूल, अर्थातच निकामी केलेलं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं. दहा गटांत कुणी ना कुणी चाप ओढला, तोही खऱ्या पिस्तुलाला लागतो तेवढा जोर लावून. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते खरं की खेळातलं हे ठरवता आलं नाही. आणि हे वाचून अंगावर काटा येतो : ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना कधी ना कधी बंदुकीच्या सुरक्षिततेचं काही तरी शिकवलेलं होतं.

हे मुलगे वाह्यात नव्हते. दहा वर्षांचं मूल नियम जाणतं, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवतं, आणि बाजूला दोन मित्र असले की तोच हात खणाकडे जातो. चार-पाच वर्षांच्या मुलांवर संशोधक रेमंड मिल्टेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतूनही असंच दिसलं. नुसतं सांगितलेल्या मुलांना नियम बोलता येतो, वेळ आली की पाळता येत नाही. मुलांकडून कृतीची उजळणी करून घेतली, मग त्यांच्या नकळत एखाद्या जागी निकामी बंदूक ठेवून पाहिली आणि चुकलेल्याला तिथल्या तिथे पुन्हा करायला लावलं, तेव्हा कुठे फरक पडला. २०२३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना एक मिनिटाची चित्रफीत दाखवली होती. ती पाहिलेल्या मुलांनी बंदुकीला कमी हात लावला, मोठ्यांना जास्त वेळा सांगितलं. म्हणजे शिकवण्याचा उपयोग होतो. पण चित्रफीत पाहूनही हात लावणारी मुलं थोडीथोडकी नव्हती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे आणि पुस्तिकेची मांडणीही त्यावरच उभी आहे. मुलांना शिकवावं, जरूर शिकवावं, पण त्या शिकवण्याच्या भरवशावर बंदूक खणात ठेवू नये. सुरक्षितता ही मोठ्या माणसाची जबाबदारी आहे. ती सहा वर्षांच्या पोराच्या शहाणपणावर सोपवणं हा पळपुटेपणा झाला. पुस्तिकेत मुलांसाठीची पानं मोजकी आणि पालकांसाठीची भरपूर आहेत, त्याचं कारण हे.

‘आमच्या मुलाला ती कुठे ठेवलीय हेच माहीत नाही,’ असं बंदूकवाल्या घरातले आईबाप छातीठोकपणे सांगतात. अलाबामातल्या ग्रामीण भागात दोन संशोधकांनी आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं; २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलाला जागा ठाऊक नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा ठाऊक असल्याचं सांगितलं. मुलाने बंदूक कधी हाताळलेली नाही असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. आपल्याकडे चिवड्याचा डबा कुठे लपवलाय ते ज्या मुलांना दिवाळीच्या आधी आठ दिवस कळतं, त्यांच्याबद्दल वेगळं काही होईल असं समजायला मला तरी कारण दिसत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण मराठी घरात ते कुणी सांगणार नाही. आपण सिनेमात पाहतो त्या पिस्तुलाच्या मुठीत खालून एक मॅगझिन सरकवलेलं असतं, त्यात गोळ्या रचलेल्या असतात. वरचा पत्रा, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडला की मॅगझिनमधली एक गोळी नळीच्या मागच्या पोकळीत जाऊन बसते. त्या पोकळीला चेंबर म्हणतात. आता मॅगझिन काढून घेतलं तरी चेंबरमधली गोळी तिथेच असते आणि बऱ्याच पिस्तुलांतून ती सुटते. ‘मॅगझिन काढलंय, रिकामं आहे’ हे वाक्य बोलून झालेले अपघात पुष्कळ आहेत आणि ते करणारी माणसं नेहमी लहान नसतात. चाप ओढायला लागणारा जोरही मुलांच्या आवाक्याबाहेरचा नाही. सात-आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना तो जमतो. तीन वर्षांच्या मुलाला एका बोटाने सहसा जमत नाही, मग ते पिस्तूल उलटं धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. नळी कुणाकडे असते ते सांगायला नको.

याला उपाय अवघड नाही आणि महागही नाही. २००५ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने चार सवयी तपासल्या : बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, गोळ्या वेगळ्या ठेवणं आणि त्याही कुलपात ठेवणं. यातली प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांचे अपघात आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे केबल लॉक. प्लॅस्टिकचं आवरण असलेली लवचिक तार, तिच्या टोकांना छोटं कुलूप. ती तार रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून वरच्या उघड्या जागेतून आत घालायची आणि मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची, म्हणजे स्लाइड मिटतच नाही आणि गोळी आत जाऊच शकत नाही. अनेक गावांतल्या पोलीस ठाण्यांत हे कुलूप फुकट मिळतं. मागताना बहुधा नावगाव विचारत नाहीत. फक्त किल्ली त्याच खणात ठेवू नये. हे लिहावं लागतं, कारण लोक ठेवतात.

पण ज्या घरात बंदूकच नाही, त्या घराने काय करायचं? विचारायचं. इथे आपली गाडी अडते. प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाला पगार विचारणारे, नवीन लग्न झालेल्या जोडप्याला ‘गोड बातमी कधी’ म्हणून छळणारे आपण, मुलाच्या मित्राच्या आईला ‘तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?’ हे विचारायला लाजतो. अमेरिकन माणसाला राग येईल, त्याला वाटेल आपण त्याचं राजकारण तपासतोय, पुन्हा बोलावणार नाहीत, मूल एकटं पडेल. भीती अगदीच निराधार नाही. फ्लोरिडात २०११ मध्ये चक्क डॉक्टरांनी रुग्णाला बंदुकीबद्दल विचारू नये असा कायदा झाला होता. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यातली विचारण्यावरची बंदी मोडीत काढली. तरीही बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना गेली कित्येक वर्षं पालकांना हेच सांगते आहे की विचारा. २१ जून, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, त्यासाठी एक दिवसच नेमलेला आहे.

प्रश्न कसा विचारावा याचे नमुने पुस्तिकेत आहेत, इंग्रजी संवाद देवनागरीत दिलेत. त्यातलं मर्म एवढंच की तो एकटा विचारू नये. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे तुम्ही यजमानीणबाईंना सांगताच. कुत्रा आहे का, मागच्या स्विमिंग पूलला कुंपण आहे का, गाडीतून कोण सोडणार, हेही विचारता. त्याच दमात बंदुकीचं विचारावं, आणि ‘आहे का’ असं न विचारता ‘कुलपात असते ना’ असं विचारावं. फोनवर विचारण्यापेक्षा मेसेज केला तर समोरच्यालाही उत्तर द्यायला सवड मिळते. जबाबदारीने बंदूक बाळगणारी माणसं बहुधा चिडत नाहीत. कपाट कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते, हे आपणहून सांगतात. उत्तर पटलं नाही तर ‘या वेळी आमच्याकडेच खेळू द्या की, मी बटाटेवडे करते’ म्हणावं. बटाटेवड्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

पौगंडावस्थेतल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे गरुडाच्या चार पायऱ्यांचा उपयोग नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पळून जा म्हटलं तर तो हसेल. त्याच्याशी खरं बोलावं लागतं. खेळण्यातल्या बंदुकीचंच घ्या. आपल्या मुलांना सुट्टीत भारतात गेलं की दिवाळीच्या टिकल्यांचं पिस्तूल मिळतं, जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक मिळते, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. तिकडे ते ठीक. पण २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका बागेत बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. त्याच्या नळीच्या टोकाची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि काही क्षणांतच त्याला गोळी घातली गेली. सावळ्या रंगाच्या, वयाच्या मानाने थोराड दिसणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगावंच लागतं. ते सांगताना आईबापांचा घसा कोरडा पडतो, पण त्याला इलाज नाही.

दुसरा विषय आपल्यात त्याहून अवघड : मनाची अवस्था. मार्क, कॉलेजचे प्रवेश, एखादं तुटलेलं प्रेम, शाळेतली छळवणूक, घरात कुणाशी बोलता न येणं. ‘आमचा मुलगा तसा नाही’ असं म्हणण्यात फार वेळ जातो. जिवाचं बरंवाईट करावं ही उबळ किशोरवयात पुष्कळदा अल्पकाळाची असते. ती ओसरली आणि मदत मिळाली, तर बहुतेक मुलं पुढे नीट जगतात. त्या काळात हाताशी बंदूक नसणं, कुलूप आडवं येणं, यानेच जीव वाचतात. घरातलं कुणी खचलेलं दिसत असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवण्याची सोय अनेक राज्यांत होते; कुठे पोलीस ठाण्यात, कुठे बंदुकीच्या दुकानात. ते कसं करायचं हे पुस्तिकेत आहे. आणि थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसतं ते जातं, हा समज चुकीचा आहे. विचारलं की मूल बोलतं.

शाळांमधल्या गोळीबारांबद्दल मी लांबण लावत नाही, वर्तमानपत्रं ते करतातच. एकच सांगतो. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळाली होती. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कुलात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघंही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि प्रत्येकाला दहा ते पंधरा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मुलांच्या हाती बंदूक पडू देणाऱ्या प्रौढाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्येच केला होता. आता अनेक राज्यांत तसे कायदे आहेत, पण दर राज्याचा नियम निराळा आहे. आपल्या राज्याचा पाहून घ्यावा.

बंदुकीचं नाव काढलं की तोंड फिरवणाऱ्यांनाही सांगायला हवं, की नेमबाजी हा आपलाही खेळ आहे. अंजली भागवत एनसीसीतून पुढे आल्या, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. तुमच्या मुलीला शाळेच्या रायफल टीममध्ये जायचं असेल तर घाबरून नाही म्हणू नका. चांगल्या रेंजवर जितकी शिस्त असते तितकी क्वचित कुठे दिसेल. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नेमबाजी चालू नसेल तेव्हा चेंबरमध्ये भडक रंगाची प्लॅस्टिकची पट्टी घातलेली, म्हणजे चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसावं. कुणी पुढे लक्ष्यपत्र बदलायला गेलं असेल तर मागे कुणीही शस्त्राला हात लावत नाही, प्रशिक्षकसुद्धा नाही. आणि सराव संपला की शस्त्र कुलपात. जिथे हे दिसणार नाही त्या रेंजवर मुलीला पाठवू नका.

बंदुका असाव्यात की नसाव्यात, यावर ही पुस्तिका बोलत नाही. माझं स्वतःचं मत आहे आणि ते बंदुकांच्या बाजूचं नाही. पण ते मत मुलाला शेजारच्या खणापासून वाचवत नाही, म्हणून इथे त्याला जागा दिली नाही. ज्यांच्या घरी बंदूक आहे अशा वाचकानेही ही पानं अपराधी न वाटता वाचावीत.

शेवटच्या पानावर चार पायऱ्या, विचारायचा प्रश्न आणि ९८८ हा क्रमांक एकत्र दिला आहे. मन खचलेलं असेल, आपलं किंवा दुसऱ्याचं, तर अमेरिकेत कुठूनही, कुठल्याही वेळी या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करता येतो. भारतात त्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. ते पान फ्रिजवर लावा. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील आणि दुपारी नातवंडांना तेच शेजारी सोडत असतील, तर त्यांनाही ते वाचून दाखवा. पुस्तिका फाडायला वाईट वाटत असेल तर फोटो काढून मराठी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि पुढच्या स्लीपओव्हरचं आमंत्रण आलं की होकार कळवण्याआधी तो एक प्रश्न विचारा.